मकालोंची शोकपुस्तिका

मंत्रालयातल्या आमच्या राजशिष्टाचार शाखेत सकाळचे पहिले काम असे ते त्या दिवशी कोणता पाहुणा उतरणार आणि त्याला काय चालत नाही, हे पाहण्याचे. त्या मंगळवारी एका युरोपीय देशाचे व्यापारमंत्री येणार होते. त्यांना ताज्या फुलांनी शिंका येतात असे कळवण्यात आले होते, म्हणून आमचे वरिष्ठ लिपिक घोसाळकर यांनी चंदनाच्या सालींचा हार मागवला होता. मी पोचले तेव्हा ते टेबलावर पुडा उघडून हार नाकाशी धरून उभे होते.

"बाई, ह्यात चंदन नाही. नुसतं तेल फासलंय," ते म्हणाले. "पाहुण्याला शिंक नाही येणार, ठसका येईल."

"उन्हात ठेवा तासभर."

"उन्हात ठेवला तर साली वाकड्या होतात. मग मंत्र्याच्या गळ्यात सुताराचा भुसा घातल्यासारखं दिसेल."

आम्ही हार खिडकीच्या सावलीत टांगला. मी विमानतळावर जाणाऱ्या मोटारींचे नंबर पोलिसांना कळवले, स्वागताला जाणाऱ्या मंत्र्यांच्या खाजगी सचिवांना तिसऱ्यांदा आठवण केली, आणि चहाचा कप ओढून घेतला. तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. आंद्रे मकालो पहाटे गेले होते.

मकालो हे तुवेरा नावाच्या एका छोट्या बेटांच्या देशाचे पहिले पंतप्रधान. हृदयाच्या उपचारासाठी ते मुंबईत आले, तेव्हा राज्याचे पाहुणे म्हणून आम्हीच त्यांना उतरवून घेतले होते. उंच, सावळा, थकलेला माणूस. स्वागताच्या रांगेतल्या प्रत्येकाशी, पार माझ्या शिपायापर्यंत, त्यांनी हात मिळवला होता. पण ते हॉस्पिटलात असतानाच तिकडे त्यांच्याच पक्षातल्या माणसांनी त्यांना पदावरून दूर केले आणि सत्ता हातात घेतली. त्यानंतर खोलीबाहेरचा पोलीस पहारा उठला आणि मंत्रालयातून जाणारी फुलेही थांबली. पदावर नसलेल्या माणसाला फुले पाठवण्याची तरतूद आमच्याकडे नव्हती.

मी बातमी घेऊन उपसचिव रेगे साहेबांकडे गेले. दिल्लीला विचारणा झाली आणि दुपारच्या आत उत्तराचा टेलेक्स आला. रेगे साहेबांनी तो माझ्याकडे सरकवला. मृत व्यक्ती सध्या कोणत्याही पदावर नाही, तुवेरातील परिस्थिती अनिश्चित आहे, सबब राज्य शासनाने कोणताही पुढाकार घेऊ नये, असा त्यातला मजकूर होता.

"म्हणजे शोकसंदेशही नाही?" मी विचारले.

"शोकसंदेश एका सरकारनं दुसऱ्या सरकारला पाठवायचा असतो, गुप्तेबाई. त्या सरकारला शोक झालाय की नाही, हेच अजून कळलेलं नाही." रेगे साहेबांनी चष्मा पुसला. "हार वाळला का?"

दुपारी मकालोंची मुलगी लेया माझ्या दालनात आली. तिशीची असेल. दोन महिने वडिलांच्या उशाशी बसून काढल्याने चेहरा सुकला होता, पण आवाज स्थिर होता. तिने बसण्याआधीच विचारले, "मला वडिलांना घरी न्यायचं आहे. कोणाकडे जाऊ?"

परदेशी नागरिकाचा देह मायदेशी न्यायचा तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाचा ना-हरकत दाखला लागतो. तो असेल तर पोलीस, जकात, विमान कंपनी सगळे पुढचे पुढे करतात. नसेल तर कोणीच काही करू शकत नाही. हे मी तिला सांगितले.

"सोलाने दाखला देत नाही," ती म्हणाली. सोलाने हे तुवेराचे मुंबईतले वाणिज्य दूत. "राजधानीतून सांगतील तेव्हा देतो म्हणतो. आणि हॉस्पिटलवाले म्हणतात, गुरुवारनंतर शवागारात ठेवता येणार नाही. मग इथेच कुठेतरी पुरावं लागेल."

"तुमच्या सरकारला तेच हवं आहे?"

"त्यांना ते बेटावर नको आहेत. ते पोचले तर लोक किनाऱ्यावर येतील." तिने पदराशी चाळा करावा तशी बाहीची कड बोटाने दुमडली. "आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ पुरून वर माड लावतात, मिसेस गुप्ते. माणूस मेला की त्याच माडाखाली ठेवतात. बाबांचा माड अजून उभा आहे. त्याच्याशेजारी दुसऱ्या कोणाला पुरता येत नाही. ती जागा कायमची रिकामी राहील. माझ्या डोळ्यांसमोर."

मी घोसाळकरांना सांगून टॅक्सी मागवली आणि तिच्याबरोबर निघाले. सरकारी मोटार घेतली नाही. तो पुढाकार झाला असता.

कॉन्सुलेट मलबार हिलच्या उतारावर एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर होते. सोलाने दारातच भेटले. लठ्ठ, पन्नाशी उलटलेला, हातात सतत रुमाल असलेला माणूस. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक फिकट चौकोन होता. तिथे मकालोंची तसबीर असे. ती उतरवली गेली होती, आणि नव्या पंतप्रधानांची अजून आली नव्हती.

"मॅडम, मला आलेली तार अगदी स्पष्ट आहे," ते म्हणाले. "खाजगी नागरिक समजावे. पुढील आदेशापर्यंत थांबावे."

"पुढचा आदेश केव्हा येईल?"

"तिकडे फोन कोणी उचलत नाही. ज्यांनी उचलायचा ते सगळे आज खुर्च्या वाटून घेतायत."

"म्हणजे ते नको म्हणत नाहीत," लेया म्हणाली. "नुसतं थांब म्हणतात. शवागार थांबत नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणजे पुरायचं मुंबईनं, आणि हात त्यांचे स्वच्छ."

सोलाने खिडकीकडे वळले.

"तुझ्या लग्नात माझ्या बाबांनी स्वतः मासे तळले होते," ती पुढे म्हणाली. "शर्टावर तेल उडलं म्हणून आईनं सगळ्यांदेखत त्यांना झापलं होतं. आठवतं?"

"आठवतं म्हणून तर तुझ्याकडे बघत नाहीये, लेया." ते खरोखरच खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "माझी दोन मुलं तिथे शाळेत आहेत. सही केली आणि त्यांना आवडलं नाही, तर मी कुठे जाऊ? मला सांग, मी सही करतो."

लेया दाराकडे वळली. मलाही त्या माणसाचा राग धरता येईना.

निघताना मी केवळ सवयीने विचारले, "शोकपुस्तिका उघडलीत का?"

राष्ट्रप्रमुख किंवा मोठा नेता गेला की त्याच्या देशाच्या कॉन्सुलेटमध्ये एक टेबल मांडतात, त्यावर तसबीर, फुले आणि एक वही. शहरातले इतर देशांचे दूत येऊन दोन ओळी लिहितात, सही करतात, आणि परत जाऊन आपापल्या सरकारला तसे कळवतात. आमच्या शाखेचे अर्धे काम या वह्यांच्या वेळा जुळवण्याचेच होते.

"तसा आदेश नाही," सोलाने म्हणाले.

"उघडू नये असा आहे?"

ते प्रथमच माझ्याकडे वळले. "नाही. त्यांना ते सुचलंच नसेल."

टॅक्सीने लेयाला हॉस्पिटलपाशी सोडले तेव्हा वॉर्डातली एक आया फाटकात डबा घेऊन उभी होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवण आणायचे असते, एवढे त्या बाईला कळत होते. लेयाचे घर समुद्रापलीकडे होते म्हणून तिने पिठले-भाकरी वॉर्डातच आणली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी आया तिला हाताला धरून आत घेऊन गेली.

मी कार्यालयात परत आले आणि टेलिफोन जवळ ओढला.

मुंबईतल्या कॉन्सुलेटांना फोन करणे हे माझे रोजचेच काम. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला, अकरा वर्षे विचारत आले होते तोच: श्रीयुत मकालो यांचे निधन झाले आहे, तुवेराच्या कॉन्सुलेटमध्ये सही करायला आपल्याकडून कोण येणार आणि कोणती वेळ सोयीची, म्हणजे दारात गर्दी होणार नाही. बहुतेकांनी लगेच डायरी उघडली. आपण गेलो नाही आणि बाकीचे गेले, ही गोष्ट कोणत्याही दूताला परवडत नाही. एका तरुण अधिकाऱ्याने मात्र विचारले, "पुस्तिका उघडली आहे का?"

"ते तुवेराचे लोकच सांगू शकतील," मी म्हणाले. "आपण त्यांनाच विचारावं हे बरं."

शेवटचा फोन मी दूतमंडळाच्या ज्येष्ठ सदस्यांना केला. सगळ्यांत जास्त वर्षे मुंबईत असलेला दूत हा त्या मंडळाचा वडीलधारा मानला जातो. हे काठी घेऊन चालणारे वृद्ध गृहस्थ मकालोंना ओळखत होते. "मी उद्या अकरा वाजता जाईन," ते म्हणाले. "माझ्या आधी कोणी गेलं तर मला राग येईल, हेही सर्वांना कळवा."

मी सर्वांना कळवले.

घोसाळकर इतका वेळ फायलीत डोके घालून बसले होते. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "बाई, मघापासून ऐकतोय. वही उघडली आहे असं तुम्ही कोणालाही सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"पण आता ती न उघडून त्या गृहस्थाला सुटका नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तुमच्या हाताखाली काम करायची मला भीती वाटायला लागली आहे."

बातमी रेगे साहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी मला बोलावले आणि दार लावून घेतले.

"दिल्लीचा टेलेक्स वाचला होतात ना?"

"वाचला होता. पुढाकार घेऊ नये."

"मग?"

"मी विचारपूस केली, साहेब. नेहमीची."

ते पेपरवेट फिरवू लागले. "पुढच्या महिन्यात बढत्यांची यादी लागते. तुमचं नाव वर आहे. दिल्लीतून कोणी मला विचारलं, हे कोणी केलं, तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"ते सांगावंच लागेल." त्यांनी पेपरवेट थांबवला. "आपल्याकडून सही करायला कोणी जाणार नाही, हे लक्षात आहे ना? राज्य शासनाचा प्रतिनिधी म्हणून कोणीही नाही."

"लक्षात आहे."

"या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंत्रालयात पोचते तोच सोलानेंचा फोन आला. आवाज रात्रभर जागलेल्या माणसाचा होता.

"मॅडम, हे तुम्ही काय करून ठेवलंत? काल संध्याकाळपासून माझा फोन थांबलेला नाही. ज्येष्ठांनी तर विचारलंय, पांढरी फुलं आणतोय, कुठे ठेवायची?"

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं, टेबलावर."

मी डोळे मिटून घेतले. घोसाळकर समोर उभे होते; त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच समजले असावे.

"पण माझ्याकडे वही नाही," सोलाने म्हणत होते. "शाळेत वापरतात तसल्या साध्या वह्या आहेत फक्त. आणि ज्येष्ठ अकराला येतायत."

घोसाळकरांनी कपाटातून काळ्या चामड्याच्या बांधणीची कोरी वही काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, "ही माझ्या पैशाची आहे. नातवाच्या मुंजीत आहेर लिहायला घेतली होती. मुंज पुढे गेली. सरकारचा ह्यात एक कागदही नाही."

आम्ही कॉन्सुलेटमध्ये गेलो तेव्हा लेया आधीच आली होती. सोलानेंनी कपाटामागून चादरीत गुंडाळलेली तसबीर काढली. लेयाने काच बाहीने पुसली आणि तसबीर टेबलावर भिंतीला टेकवून उभी केली. मकालो तिच्यात फार तरुण दिसत होते, जणू फोटो काढणाऱ्याला लवकर उरक म्हणून सांगत होते.

"पहिली ओळ यजमानानं लिहायची असते," मी सोलानेंना म्हणाले.

"काय लिहू?"

"ते मी कसं सांगणार?"

त्यांनी बसून लिहिले. काय लिहिले ते मी वाचले नाही. लेयाने वाचले, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वेळात ती प्रथमच त्यांना शिवत होती.

अकरा वाजता ज्येष्ठ आले. काठी सोबतच्या माणसाकडे दिली, उभ्यानेच पानभर लिहिले, फुले ठेवली, लेयापुढे वाकले. बाहेर पडताना अंगणातल्या उंच काठीवर, दुखवट्यासाठी अर्ध्यावर न आणता टोकालाच फडकत ठेवलेल्या तुवेराच्या झेंड्याकडे त्यांनी एकदा मान वर करून पाहिले, आणि काही न बोलता मोटारीत बसले. मग ओघच सुरू झाला. उतारावर मोटारींची इतकी रांग लागली की वाहतूक पोलीस धावत आला आणि कोण मंत्री गेला म्हणून विचारू लागला. तुवेराची मुंबईत शिकणारी मुले आली. पुण्याहून काही जण पहाटेच्या एस.टी.ने आले होते. हॉस्पिटलच्या परिचारिका आल्या. आया आली, तिने लिहिण्याऐवजी शाईत अंगठा बुडवला आणि वहीच्या पानावर, एका महासत्तेच्या दूताच्या सहीखाली, नीट दाबून उमटवला. त्या दूताच्या सचिवाने तिला टिपकागद पुढे केला.

त्या गर्दीत अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घातलेले रेगे साहेब मला दिसले. मी पुढे झाले.

"मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर आहे, गुप्तेबाई," ते हळूच म्हणाले. "रजेवरचा माणूस तुमच्या ओळखीचा नाही." त्यांनी रांगेत उभे राहून सही केली. खाली हुद्दा लिहिला नाही. 'राहणार माहीम', एवढेच.

"साहेब, ज्यांच्या सह्या झाल्या ते सगळे आता आपापल्या सरकारांना तारा करतील," मी म्हणाले.

"करणारच. आणि ती सरकारं संध्याकाळपर्यंत तुवेराच्या सरकारला शोकसंदेश धाडतील." ते दाराबाहेर पाहत होते. "शोकसंदेश आला की आभार मानावे लागतात. हा गृहस्थ आमचा कोणी नव्हता, असं उत्तर लिहिण्याची रीत अजून जगात कुठे निघालेली नाही."

तसेच झाले. त्या रात्री तुवेराच्या रेडिओवर नव्या पंतप्रधानांनी सर्व देशांचे आभार मानले आणि थोर नेत्यासाठी राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. देह पोचला तेव्हा तिथल्या विमानतळावर ते स्वतः उभे राहिले. लेयाने मला पुढे पत्रात लिहिले की त्यांचे भाषण फार लांबले, पण किनारा माणसांनी भरला होता आणि कोणी ते ऐकत नव्हते. लोक पेटी खांद्यावरून माडापर्यंत घेऊन गेले. दिल्लीचा दुसरा टेलेक्स गुरुवारी आला: राज्य शासनाने योग्य तो पुढाकार घ्यावा. रेगे साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून तो माझ्याकडे पाठवला. बढतीच्या यादीत माझे नाव त्या वर्षी आले नाही, पुढच्या वर्षी आले. त्याचे मला कधी काही वाटले नाही.

पण हे सगळे नंतरचे. मला जी दुपार आठवते तिच्यात यातले काहीच अजून घडलेले नव्हते. राजधानीतून कोणताही आदेश आला नव्हता. शेवटची मोटार उतारावरून गेली होती. घोसाळकर गळून पडलेल्या पाकळ्या वेचत होते. लेया वहीची पाने उलटत होती, आणि सोलाने टेबलाशी उभे राहून तिच्या खांद्यावरून वाचत होते. एका पानावर ते थांबले, तिला उलटू देईनात. पुन्हा पहिल्यापासून वाचले.

आतल्या खोलीत फोन वाजला. त्यांचा मदतनीस धावत बाहेर आला.

"साहेब, राजधानी. ट्रंककॉल. परराष्ट्रमंत्री स्वतः आहेत."

सोलानेंनी रुमाल काढला, पण घाम पुसला नाही. तो घडी करून पुन्हा खिशात ठेवला.

"सांग, साहेब अंगणात आहेत," ते म्हणाले. "थोड्या वेळानं करा म्हणावं."

"पण साहेब, तुम्ही तर..."

"अंगणातच चाललोय."

त्यांनी खुर्चीत बसून खणातला छापील दाखला काढला. मृताचे नाव लिहिले. व्यवसायाच्या रकान्यापाशी क्षणभर थांबून 'पंतप्रधान' असे लिहिले. सही केली, शिक्का उमटवला, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि लेयाच्या हातात दिला. ती काही बोलणार होती. त्यांनी मान हलवून नको म्हटले.

मग ते अंगणात गेले. झेंड्याच्या काठीजवळचा पहारेकरी मदतीला पुढे आला. त्यालाही त्यांनी हातानेच थांबवले. दोरीची गाठ घट्ट बसली होती, ती सोडवायला त्यांना नखे वापरावी लागली. आत फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. सोलाने दोन्ही हातांनी दोरी धरून झेंडा सावकाश खाली घेत होते. काठीच्या मध्यावर तो आला तेव्हा ते थांबले, वर पाहिले, आणि दोरीला पक्की गाठ मारली.